वस्तुचित्रातील 'म्हणे' : स्थिरचित्र व अंतर्गृहचित्र यांच्या इतिहासातील एक प्रकरण

महाराष्ट्रात शालेय वयात शासकीय रेखाकला परीक्षांना बसलेल्या कोणासही 'वस्तुचित्र' आणि 'स्थिरचित्र' हे दोन शब्द नवीन नाहीत. एलिमेंटरी परीक्षेत पहिला विषय असतो, इंटरमिजिएट परीक्षेत दुसरा. प्रस्तुत लेखक दुसऱ्या परीक्षेस बसला तेव्हा समोरच्या मेजावर पितळेची कळशी, दोन वांगी, एक पेला आणि त्यांच्या पाठीमागे टाचण्यांनी अडकविलेले निळे फडके अशी मांडणी होती. वस्तूंना कोणी हात लावू नये, अशी सक्त ताकीद होती. डोक्यावरील पंख्याला ती ठाऊक नसावी. फडक्याच्या चुण्या घटकेघटकेला बदलत होत्या, आणि ज्याने जी चुणी प्रथम पाहिली ती त्याने काढली. स्थिरचित्रातील स्थैर्य वस्तूंच्या ठिकाणी नसून पाहणारा आणि काढणारा यांच्यातील एका संकेतात असते, ही गोष्ट ध्यानी येण्यास पुढे पुष्कळ वर्षे जावी लागली.

ती ध्यानी आली, तीही चित्रकलेच्या वर्गात नव्हे. भाषाशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात परोक्तीचे, म्हणजे दुसऱ्याचे बोलणे आपल्या बोलण्यात आणण्याचे, प्रकार शिकवीत असता उदाहरणादाखल एका चित्राची छापील प्रतिकृती दाखविण्याची कल्पना सुचली. चित्र होते ब्रिटिश चित्रकार पॅट्रिक कॉलफील्ड (१९३६–२००५) याचे 'आफ्टर लंच', १९७५ सालचे, लंडनच्या टेट संग्रहातील. एका उपाहारगृहाचा अंतर्भाग सपाट निळ्या रंगात, ठळक काळ्या रेषांनी दाखविला आहे, आणि त्याच्या भिंतीवर सरोवराकाठच्या एका किल्ल्याचे अत्यंत तपशीलवार, छायाचित्रासारखे भासणारे चित्र टांगलेले आहे. विद्यार्थ्यांनी चित्र पाहिले आणि एकमुखाने निर्णय दिला : हे विडंबन आहे. कशाचे, असे विचारता उत्तर आले : जुन्या चित्रांचे. मराठी समीक्षेत अशा चित्रांविषयी जे थोडेबहुत लिहिले जाते त्यातही हाच शब्द वारंवार आढळतो. प्रस्तुत लेखाचा आक्षेप या शब्दावर आहे. विडंबन म्हटले की जुने चित्र गंभीर होते आणि नवे त्याची टर उडविते, असा इतिहास गृहीत धरला जातो. तो इतिहास खरा नाही, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

प्रारंभ नावापासून करणे भाषाभ्यासकाला सोयीचे असते. या विषयात ते आवश्यकही आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात नेदरलंड्समध्ये ही चित्रे विपुल काढली जात होती, विकली जात होती, घराघरांतील भिंतींवर लागत होती. परंतु त्या सर्वांना मिळून एक नाव नव्हते. मालमत्तेच्या याद्यांमध्ये त्यांचा उल्लेख 'न्याहारी', 'मेजवानी', 'फळे', 'फुलदाणी' असा केवळ चित्रित पदार्थाच्या नावाने येतो. आपल्याकडे वाण्याच्या वहीत 'गूळ' आणि 'खोबरे' असते, 'किराणा' हा शब्द दुकानाच्या पाटीवर असतो, तसाच हा प्रकार. १६५० च्या सुमारास 'स्टिललेव्हन' हा सामासिक शब्द आढळू लागतो. यातील 'स्टिल' म्हणजे निश्चल. 'लेव्हन' म्हणजे जीवन हे खरेच. तथापि चित्रकारांच्या बोलीत त्याचा एक खास अर्थ होता : जिच्याकडे प्रत्यक्ष पाहून चित्र काढावयाचे ती समोरची वस्तू. म्हणजे 'स्टिललेव्हन' याचा मूळ आशय 'न हलणारा नमुना' एवढाच. माणूस बसविला तर तो चुळबुळ करतो, कोंबडा तर मुळीच बसत नाही. लिंबू आणि पेला मात्र बसतात. हा कारखान्यातील कामकरी शब्द होता, त्यात तत्त्वचिंतन नव्हते.

पुढे जर्मन व इंग्रजी भाषांनी तो शब्द घेतला तेव्हा दुसऱ्या पदाचा व्यावसायिक अर्थ गळून पडला आणि 'निःशब्द जीवन' असा काव्यमय आशय त्यास चिकटला. फ्रेंच भाषेत अठराव्या शतकात 'नात्यूर मोर्त', म्हणजे 'मृत निसर्ग', ही संज्ञा रूढ झाली. इटालियनने तीच वाट धरली. स्पॅनिश भाषेने वेगळाच मार्ग चोखाळला. तेथील 'बोदेगोन' या शब्दाचा मूळ अर्थ साधी खाणावळ असा आहे. तेथील भांडी, खाद्यपदार्थ आणि माणसे ज्यात येतात ते चित्रही 'बोदेगोन'. फ्रान्सिस्को पाचेको याने १६४९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या चित्रांचा आवर्जून पक्ष घेतला आहे. त्याचा जावई दिएगो व्हेलाझ्केझ हा त्यांत निष्णात होता, हे त्या समर्थनाचे एक कारण असावे. पण समर्थन करावे लागले, ही गोष्टच बोलकी आहे.

तेव्हा एकाच प्रकारच्या चित्राला एका भाषेने निश्चलता दिली, दुसरीने मरण दिले, तिसरीने खाणावळ दिली. मराठीने 'स्थिरचित्र' हा शब्द इंग्रजीच्या द्वारे घडविला, आणि त्यात एक गंमत होऊन बसली. व्याकरणदृष्ट्या सहज वाचता हा कर्मधारय समास ठरतो : स्थिर असे चित्र. परंतु भिंतीवरील कोणते चित्र स्थिर नसते? अभिप्रेत अर्थासाठी हा समास मध्यमपदलोपी मानावा लागतो : स्थिर वस्तूंचे चित्र. लोप पावले ते नेमके 'वस्तू' हे पद. शब्द बदलावा अशी सूचना येथे करावयाची नाही. रूढ शब्द समितीच्या ठरावाने बदलत नसतात. मात्र मधले पद लुप्त असलेल्या या शब्दाने आपल्या विद्यार्थ्यांच्या मनात या चित्रप्रकाराविषयी एक जड, हालचालशून्य प्रतिमा रुजविली आहे, आणि विडंबनाचा निर्णय इतक्या तत्परतेने येण्यात तिचा वाटा आहे.

नावामागून मूल्य येते. फ्रान्सच्या राजकीय चित्रकला अकादमीतील १६६७ सालच्या व्याख्यानांना आंद्रे फेलिबियँ याने जी प्रस्तावना जोडली तिच्यात चित्रविषयांची उतरंड सांगितली आहे : फळे, फुले, शिंपले काढणारा सर्वांत खाली, त्याच्या वर भूदृश्ये काढणारा, त्याहून वर जिवंत प्राणी रंगविणारा, आणि त्याहूनही वर मनुष्याकृती व इतिहास-पुराणातील प्रसंग चितारणारा. ही उतरंड युरोपात दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. झाँ शार्दां १७२८ साली अकादमीत दाखल झाला तो 'प्राणी व फळे यांतील कौशल्य' असलेला चित्रकार म्हणूनच. डच चित्रकार व लेखक सॅम्युएल व्हान होखस्ट्राटन याने तर १६७८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात स्थिरचित्रे काढणाऱ्यांची गणना कलेच्या सैन्यातील साध्या शिपायांत केली.

येथे थोडे थांबले पाहिजे, कारण हे लिहिणारा होखस्ट्राटन स्वतः काय करीत होता हे पाहण्यासारखे आहे. रेम्ब्रांटचा हा शिष्य पत्रे, फण्या, कात्र्या भिंतीवरील पट्ट्यांत खोचल्याची अशी चित्रे काढी की पाहणाराचा हात नकळत पुढे व्हावा. लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्याने १६५५ ते १६६० च्या दरम्यान केलेली एक लाकडी पेटी आहे. तिच्या आतील पृष्ठभागांवर एका डच घराचा अंतर्भाग रंगविलेला असून दोन बाजूंस दोन लहान छिद्रे आहेत. छिद्राला डोळा लावला की दालने, खुर्च्या, फरशी, पलीकडच्या खोल्या यथास्थित उभ्या राहतात. वस्तुतः काही आकृती अर्ध्या जमिनीवर आणि अर्ध्या भिंतीवर मोडून रंगविलेल्या आहेत. एका विवक्षित बिंदूवरून पाहिले तरच त्या जुळतात. ग्रंथात स्थिरचित्रकारास शिपाई म्हणणारा हा गृहस्थ पेटीत मात्र घरालाच खेळणे करतो. ग्रंथातील होखस्ट्राटन आणि पेटीतील होखस्ट्राटन यांपैकी परंपरेचा प्रतिनिधी कोणता? इतिहासकारांनी बहुधा पहिला निवडला, कारण ग्रंथ उद्धृत करणे पेटीत डोकावण्यापेक्षा सुलभ असते.

खेळाची ही परंपरा होखस्ट्राटनच्या पुष्कळ आधीची आहे. प्लिनीच्या 'नॅचरल हिस्टरी' या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रंथात झ्यूक्सिस व पर्‍हासिओस यांच्या स्पर्धेची कथा आहे. पहिल्याने द्राक्षे अशी काढली की पाखरे त्यांवर झेपावली. दुसऱ्याने पडदा असा काढला की पहिलाच म्हणाला, पडदा सारा आणि चित्र दाखवा. मयसभेत पाणी समजून वस्त्रे सावरणारा दुर्योधन ज्यांना ठाऊक आहे त्यांना या कथेची चव वेगळी समजावून सांगावयास नको. मात्र एक भेद आहे. मयसभेतील फसगतीतून वैर जन्मास येते. झ्यूक्सिस मात्र आपण फसलो हे मोकळेपणाने कबूल करून प्रतिस्पर्ध्यास विजय देतो. फसणे हा येथे रसिकतेचा भाग आहे. त्याच ग्रंथात पर्गमोन येथील सोसोस या कारागिराचा उल्लेख आहे. त्याने भोजनगृहाच्या जमिनीवर रंगीत खड्यांनी उष्ट्या-खरकट्याचेच चित्र जडविले, जणू जेवणे झाल्यावर केर काढावयाचा राहून गेला आहे. या कल्पनेची एक रोमन आवृत्ती व्हॅटिकनच्या संग्रहात आहे. तिच्यात एक उंदीर अक्रोड कुरतडतो आहे. आणि प्लिनीनेच पिरेइकोस नावाच्या चित्रकाराविषयी लिहिले आहे : तो न्हाव्यांची व चांभारांची दुकाने, गाढवे, खाद्यपदार्थ असले क्षुद्र विषय काढी, म्हणून त्याला 'ओंगळ वस्तूंचा चित्रकार' असे टोपणनाव पडले, तरी इतरांच्या भव्य चित्रांपेक्षा त्याच्या चित्रांना अधिक किंमत येई.

सतराव्या शतकातील दोन उदाहरणे या लेखाच्या दृष्टीने कळीची आहेत. क्लारा पेटर्स या फ्लेमिश चित्रकर्तीचे १६१२ सालचे एक चित्र जर्मनीतील कार्ल्सरूऽ येथे आहे. फुले, शिंपले, नाणी आणि झाकणाचे उंच सोनेरी चषक अशी मांडणी. चषकाच्या अंगावरील फुगीर गोलकांत बारकाईने पाहिल्यास एका स्त्रीची इवलीशी प्रतिबिंबे दिसतात. ती स्वतः पेटर्सचीच, आणि एकदा नव्हे तर अनेकदा. वस्तू जशी दिसते तशी काढण्याचे व्रत तिने इतक्या काटेकोरपणे पाळले की वस्तूत दिसणारी ती स्वतःही चित्रात आली. दुसरे उदाहरण कॉर्नेलिस ख्येस्ब्रेख्ट्स याचे. १६६८ ते १६७२ या काळात तो डेन्मार्कच्या राजदरबारी होता. तेथे त्याने १६७० साली एक चित्र केले. त्याचा विषय : चित्राची मागची बाजू. लाकडी चौकट, तिच्यावर ताणलेल्या कापडाची उलटी बाजू, खिळे, आणि कोपऱ्यात डकविलेल्या कागदाच्या तुकड्यावर '३६' हा आकडा. पाहणाऱ्याने चित्र उलटून पाहावे तर पलीकडे पुन्हा मागचीच बाजू, ती मात्र खरी. हे चित्र कोपनहेगनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे. १६७० साल त्यावर नसते तर माझ्या विद्यार्थ्यांनी यालाही आधुनिक विडंबन म्हटले असते, याविषयी मला शंका नाही.

आता व्याकरणाकडे वळावयास हरकत नाही. मराठीत 'म्हणे' हे एक विलक्षण रूप आहे. मूळचे 'म्हणणे' या धातूचे तृतीयपुरुषी क्रियारूप. संतकाव्यात कवीच्या नावाशेजारी बसून ते मुद्रेचे काम करते : 'तुका म्हणे'. तेथे ते वचनाची जबाबदारी घेते. हे माझे बोलणे आहे, असे सांगते. आजच्या बोलण्यात हेच रूप अव्ययासारखे वापरले जाते आणि बरोबर उलट काम करते. 'त्यांचा वाडा फार मोठा आहे म्हणे.' म्हणजे मी पाहिलेला नाही. ऐकले ते सांगतो. खरेखोटे देव जाणे. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या 'म्हणे'ने विधान खोडले जात नाही. वाडा लहान आहे असे वक्ता म्हणत नाही. तो विधान पुढे करतो आणि त्याच वेळी ते ऐकीव आहे हेही उघड ठेवतो. थट्टेची छटा असू शकते, नसूही शकते, स्वरावर अवलंबून.

पेटर्सचे प्रतिबिंब हे 'तुका म्हणे' या जातीचे आहे : चित्रातच आपली मुद्रा. ख्येस्ब्रेख्ट्सची उलटी चौकट दुसऱ्या जातीची आहे : हे म्हणे चित्र. दोन्ही प्रकार परंपरेच्या आत, तिच्या ऐन भरात घडले. मग गांभीर्याची समजूत आली कोठून? एक कारण उतरंड. ते सांगून झाले. दुसरे कारण विसाव्या शतकातील प्रतीकवाचन. एर्विन पानोफ्स्की याने १९५३ च्या आपल्या ग्रंथात जुन्या नेदरलंडी चित्रांतील साध्या वस्तूंमागे 'प्रच्छन्न प्रतीके' पाहण्याची पद्धत प्रस्थापित केली. ती पद्धत पुढे सतराव्या शतकाच्या चित्रांनाही लावण्यात आली. एडी डी योंग याने १९७६ साली ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये भरविलेल्या प्रदर्शनाने दैनंदिन जीवनाच्या चित्रांतील बोधवचने उलगडून दाखविली. कवटी, विझलेली मेणबत्ती, अर्धवट सोललेले लिंबू ही अनित्यतेची चिन्हे होत, हे अनेक चित्रांबाबत निर्विवाद आहे. परंतु प्रत्येक लिंबातून वैराग्य पिळून काढण्याची सवय लागली. स्वेटलाना आल्पर्स यांनी १९८३ मध्ये याविरुद्ध भूमिका मांडली : डच चित्र हे प्रथमतः पाहण्याचे, वर्णनाचे, दृश्य ज्ञानाचे माध्यम आहे. वाद अजून मिटलेला नाही. प्रस्तुत लेखकाला आल्पर्स यांची बाजू अधिक जवळची वाटते, पण एक उणीव जाणवते. वर्णन हा शब्दही सरळ, निर्विकार विधानाचा निदर्शक आहे. त्यात 'म्हणे'ला जागा नाही. डी योंग यांच्या प्रदर्शनाचे शीर्षक 'बोध आणि रंजन यांसाठी' अशा अर्थाचे होते. चर्चा बहुतेक बोधाचीच झाली, हे एक दुर्दैव.

विसाव्या शतकाच्या आरंभी घनवाद्यांनी ही जागा पुन्हा मोकळी केली. १९१२ साली पाब्लो पिकासोने एका लंबवर्तुळाकार स्थिरचित्रात खुर्चीच्या वेताच्या विणीचा नमुना छापलेला मेणकापडाचा तुकडा चिकटविला आणि चित्राला चौकट म्हणून दोरी गुंडाळली. त्याच वर्षी जॉर्ज ब्राक याने लाकडाचे रेषांकन छापलेला भिंतीचा कागद फळांच्या चित्रात डकविला. ब्राक घरे रंगविण्याच्या धंद्यात वाढलेला; साध्या भिंतीवर लाकूड वा संगमरवर 'भासविण्याची' हातोटी त्याच्या घरच्या व्यवसायातली. छापील वेत खरा वेत नाही, पण कापडाचा तुकडा खरा आहे. मग चित्रातील सर्वांत खरी वस्तू हीच सर्वांत मोठी नक्कल ठरते. अवतरणचिन्हांत वाक्य घालावे तशी वस्तू चित्रात घालता येते, हा शोध येथे लागला. याच सुमारास, १९२१ साली, तरुण रोमान याकोब्सनने कलेतील वास्तववादावर एक छोटा निबंध लिहिला. चित्राचीही एक सांकेतिक भाषा असते, ती शिकल्याखेरीज चित्र दिसतच नाही, असे त्यात प्रतिपादन आहे. आमच्या विषयाचा हा आद्य पुरुष चित्रांविषयी इतके नेमके बोलून गेला, याचे भाषाशास्त्राच्या वर्गात फारसे स्मरण होत नाही.

अमेरिकेतील पॉप चित्रकारांविषयी येथे थोडक्यात सांगितले तरी पुरे, कारण त्यांचा खेळ उघड आहे. टॉम वेसलमनच्या 'स्थिरचित्र क्रमांक ३०' (१९६३, न्यूयॉर्कचे आधुनिक कला संग्रहालय) या कृतीत रंगविलेल्या स्वयंपाकघराला शीतकपाटाचे खरे दार जोडलेले आहे. प्लॅस्टिकची फुले, पेयाच्या बाटल्यांच्या प्लॅस्टिकच्या प्रतिकृती, जाहिरातींतून कापलेले खाद्यपदार्थ आणि भिंतीवर चौकटीत बसविलेली पिकासोच्या चित्राची छापील प्रत. सतराव्या शतकातील मेजवानीचे मेज येथे किराणा दुकानाच्या जाहिरातीशी एकजीव झाले आहे. रॉय लिक्टेनस्टाइनने १९९२ मध्ये व्हान गॉखच्या आर्ल येथील शयनगृहाचे चित्र पुन्हा रंगविले. त्यात वेताच्या साध्या खुर्च्या जाऊन आधुनिक पद्धतीच्या महागड्या धातूच्या खुर्च्या आल्या. यांतील विनोद पहिल्या दृष्टिक्षेपात कळतो. तो टिकतो किती, हा प्रश्न वेगळा.

कॉलफील्डचा विनोद इतक्या लवकर कळत नाही, आणि म्हणूनच तो अधिक काळ पाहू देतो. १९६० ते १९६३ या काळात तो लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकला. १९६३ साली त्याने घनवादी हुआन ग्रिसचे व्यक्तिचित्र काढले : पिवळ्या पार्श्वभूमीवर निळ्या पोशाखातील ग्रिस. ही गुरुवंदना होती, आणि तिचा रोख स्पष्ट होता. वस्तू मोडून तिची चिन्हे करणाऱ्या, तरीही पेला, वर्तमानपत्र, गिटार यांना कधी न सोडणाऱ्या चित्रकाराला त्याने आपला पूर्वज मानले. त्याच्या आरंभीच्या चित्रांत घरे रंगविण्याचा चकचकीत रंग आणि पाटी रंगविणाऱ्याची एकसारख्या जाडीची काळी रेषा आहे. 'पॉटरी' (१९६९) मध्ये नाना आकारांच्या कुंड्या, सुरया, वाडगे चित्रभर रचलेले आहेत. प्रत्येक भांडे म्हणजे एक बाह्यरेषा आणि एक सपाट रंग. ही भांडी कोणत्याही मेजावर नाहीत. चित्रकोशातील शब्दांप्रमाणे ती एकमेकांना लागून उभी आहेत. 'भांडे' असे म्हटल्यावर आपल्या मनात जे उभे राहते ते या रेषेत असते. विशिष्ट भांडे नव्हे.

'आफ्टर लंच' मध्ये हाच कोश एका घटनेसाठी वापरलेला आहे. उपाहारगृह निळे, रेषा काळ्या. एक वाढपी रेलून उभा आहे. जेवणारे निघून गेले आहेत. रंगविलेली माशांची काचपेटी आहे. आणि या सांकेतिक जगाच्या मध्यभागी जिनिव्हा सरोवराकाठच्या शियाँ किल्ल्याचे रंगीत दृश्य टांगलेले आहे. ते छापील छायाचित्र चिकटविलेले नसून हाताने, ॲक्रिलिक रंगात, अतिशय कष्टाने रंगविलेले आहे. पिकासोने नक्कल विकत घेऊन चिकटविली होती. कॉलफील्ड ती नक्कल स्वतः करतो. परिणाम असा की, खोलीतील सर्वांत खोटी वस्तू, म्हणजे भिंतीवरील शोभेचे पर्यटनदृश्य, सर्वांत खरी दिसते. आणि जो जिवंत माणूस आहे तो केवळ रेषेने सांगितला जातो. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर सगळी खोली परोक्त कथनात आहे आणि किल्ला तेवढा प्रत्यक्ष अवतरणात. 'येथे म्हणे उपाहारगृह आहे. येथे म्हणे कोणी वाढपी आहे. आणि भिंतीवर लिहिले होते :' यापुढे अवतरणचिन्हे उघडतात. अवतरण शब्दशः असले म्हणून खरे असते असे नाही, हे कोणत्याही वकिलास ठाऊक असते. चित्र पाहताना मात्र आपण ते विसरतो आणि तपशिलालाच सत्य समजतो.

यात जुन्या चित्राची टर कोठे आहे? १९८५–८६ च्या 'इंटीरिअर विथ अ पिक्चर' या चित्रात कॉलफील्डने एका अंतर्गृहाच्या भिंतीवर सतराव्या शतकातील जर्मन चित्रकार गोट्हार्ट फॉन वेडिग याच्या मेणबत्तीच्या उजेडातील भोजनाच्या चित्राचा एक भाग रंगविला आहे. ती प्रत प्रामाणिक आहे. तीत एकही रेषा वाकडी केलेली नाही, एकाही पदार्थाच्या जागी आधुनिक पदार्थ ठेवलेला नाही. भोवतीची खोली तेवढी आजची, जिला चेहरा नाही अशी. आपल्या अलंकारशास्त्रातील व्याजस्तुती येथे उपयोगी पडू शकते, पण पुरी पडत नाही, कारण निंदेचे निमित्तही येथे केलेले नाही. जुने चित्र येथे उद्धृत केले आहे, आणि उद्धृत करणाऱ्याने आपला आवाज मुद्दाम सपाट ठेवला आहे, इतकेच म्हणता येईल.

एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. पदार्थांना केवळ चिन्हे मानणारी ही चित्रे शीतल आहेत, त्यांत शार्दांच्या तांब्याच्या भांड्याची ऊब नाही, असे म्हटले जाते. आक्षेपात तथ्य आहे, आणि तो सर्वस्वी निकालात निघतो असे मला वाटत नाही. कॉलफील्डच्या काही छापचित्रांपुढे मी फार वेळ रेंगाळू शकलो नाही. परंतु उपाहारगृहे, दारूचे गुत्ते, हॉटेलांच्या खोल्या हे त्याचे विषय पाहता त्या शीतलतेचे कारण कळू लागते. ही कोणाचीच घरे नव्हेत. डच अंतर्गृहात खुर्चीवर टाकलेली शाल कोणाची तरी असे. येथील दिवा, पडदा, भिंतीवरचा किल्ला हे एका ठरावीक रुचीने, घाऊक दराने निवडलेले असतात, आणि वाढपी त्यांच्यामध्ये दिवसभर उभा असतो. अशा जागेविषयी 'म्हणे' लावूनच बोलता येते. शार्दांच्या भाषेत ते सांगितले असते तर खोटे झाले असते.

याच काळात भारतात घडलेल्या एका गोष्टीचा येथे उल्लेख केला पाहिजे, कारण तिचा या वर्तुळाशी प्रत्यक्ष संबंध आहे. कॉलफील्ड दांपत्याचे चित्र ज्याने रंगविले तो हॉवर्ड हॉजकिन हा भूपेन खख्खर (१९३४–२००३) यांचाही स्नेही. मुंबईत जन्मलेले, हिशेबनिसाचा व्यवसाय करणारे आणि पुढे बडोद्यास स्थायिक झालेले खख्खर यांनी १९७२ साली 'डिलक्स टेलर्स' आणि 'जनता वॉच रिपेअरिंग' ही चित्रे केली. न्हाव्याचे दुकानही त्यांनी रंगविले. शिंप्याचे यंत्र, कापडाच्या घड्या, घड्याळे, दुकानाची पाटी यांची मांडणी एखाद्या भाविकाने देव्हारा मांडावा तशी नेटकी. रंगात बाजारी दिनदर्शिकेचा गोडवा आहे आणि जुन्या कंपनी शैलीतील नोंदीचा कोरडेपणाही. प्लिनीने ज्याची नोंद केली त्या पिरेइकोसची विषयसूची त्यांनी पाहिली असावी असे मानण्याचे कारण नाही. न्हावी आणि चांभार सर्वत्र असतात. परंतु 'क्षुद्र' मानलेल्या दुकानाला चित्रविषय करावयाचा, आणि तो करताना 'हे पाहा, असे म्हणे सुंदर असते' असा स्वर ठेवावयाचा, ही रीत तीच. खख्खर यांच्या चित्रांनाही आपल्याकडे प्रथम विडंबनच म्हटले गेले. शिंपी चित्रात मान खाली घालून काम करीत आहे की आपल्याकडे पाहतो आहे, त्याच्या मागे कोणत्या रंगाचे कापड आहे, असे प्रश्न त्या शब्दापुढे कोणी विचारीनासे झाले, हेच त्याचे नुकसान.

कॉलफील्डने चित्रकलेची कास अखेरपर्यंत सोडली नाही. मृत्यूच्या वर्षी, २००५ मध्ये, त्याने पूर्ण केलेल्या चित्राचे नाव 'ब्राक कर्टन' असे आहे : घनवादी पूर्वजाच्या नावाचा पडदा. पर्‍हासिओसच्या पडद्याची आठवण त्याला झाली होती किंवा कसे, हे सांगता येत नाही. लंडनच्या हायगेट दफनभूमीतील आपल्या स्मृतिशिलेची आखणीही त्याने स्वतः करून ठेवली होती. शिला पायऱ्यांच्या आकाराची आहे. तिच्यात एकेक पायरी उतरत गेल्याप्रमाणे चार इंग्रजी अक्षरे आरपार कोरलेली आहेत. त्यांचा अर्थ 'मृत' एवढाच. अक्षरांच्या पोकळीतून मागची हिरवळ दिसते.